गोळी विरघळते, मग जाते कुठे?

कपडे धुवायच्या त्या रंगीत गोळ्यांबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. निमित्त झालं आमच्या घरच्या ग्रुपवरच्या गप्पांचं. न्यू जर्सीच्या वहिनींनी लिहिलं, "तुम्ही लोक अजून ती पावडर नि चमच्याने मोजणं करत बसता? पॉड टाकायचं, विषय संपला. वर प्लास्टिकचा कचरा पण नाही." त्यावर धडाधड अकरा अंगठे आले. मी अंगठा दिला नाही, म्हणून हा प्रपंच. (वहिनी, राग मानू नका. भांडण तुमच्याशी नाही, गोळीशी आहे :) )

आधी गोळीला तिचा मान देतो. पॅकिंगच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी तळोज्याच्या एमआयडीसीत. त्यामुळे चांगलं डिझाइन दिसलं की हात आपोआप टोपीकडे जातो. विचार करा.. पाण्यात विरघळणारी पुडी बनवायची, तिच्यात पातळ साबण भरायचा, आणि ती पुडी आतून मात्र विरघळू द्यायची नाही! साध्या लिक्विड डिटर्जंटमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. गोळीत ते दहा टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. उरलेल्या जागी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन असली मंडळी येतात आणि साबण अतिशय दाट होतो. हा दाटपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरचा पडदा म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची फिल्म. नाव भारदस्त आहे, पण नात्यातलीच आहे. सुताराच्या फेव्हिकॉलमध्ये जे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट असतं, त्याच्यावर प्रक्रिया करून हे मिळतं. प्रक्रिया साधारण ८८ टक्क्यांपर्यंत नेली की फिल्म थंड पाण्यात विरघळते. ९८-९९ पर्यंत नेली की गरम पाण्याशिवाय दाद देत नाही. जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी. ती साच्यावर ताणून खालून हवा खेचतात, खळगा तयार होतो, त्यात साबण भरतात, वर दुसरी फिल्म टाकून कडा चिकटवतात. खळग्याच्या तळाशी, कोपऱ्यात फिल्म ताणली जाऊन सगळ्यात पातळ होते. फुटायची ती तिथेच. युरोपात असल्या गोळ्या आधीपासून होत्या, पण खरा गाजावाजा झाला २०१२ मध्ये, अमेरिकेत टाइड पॉड्स आले तेव्हा.

तर डिझाइन उत्तम. माझा प्रश्न एवढाच, की कोणाच्या घरासाठी?

ही गोळी एक घर गृहीत धरते. त्या घरात मशीन मोठं आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, ते पाणी रोज सारखंच आहे आणि मशीन दर वेळी भरूनच लावलं जातं. आता पनवेलला या. उन्हाळ्यात देहरंग धरणाचं पाणी खाली गेलं की कपात सुरू. सोसायटीत कधी नळाचं पाणी, कधी टँकरचं, कधी बोअरचं. बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नाही, पावडर थोडी जास्त लागते. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी बादलीत हात घालून सांगतात, "आज पाणी वेगळं आहे". कितीतरी घरांत अजून सेमी-ऑटोमॅटिक आहे. तिथे एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी निघतात. आणि चार कपडे असतील तर बादलीच. या सगळ्यात माप हातात असतं. चिमूटभर जास्त, चिमूटभर कमी. गोळी अर्धी करता येत नाही. कापली तर साबण हातावर. तुमच्या हातातलं माप काढून घेणं हाच तिचा गुण म्हणून विकला जातो. ज्या घरात माप चुकतं तिथे तो गुण असेलही. आमच्या मावशींचं माप चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

आता पावसाळा. मंडळी, जुलैत पनवेलला मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. पाणी दिसलं की विरघळणं हेच जिचं काम, ती वस्तू अशा हवेत आणून ठेवायची! ही फिल्म हवेतली ओल शोषते, मऊ होते, चिकट होते, गोळ्या एकमेकींना धरून बसतात. डब्यावर लिहितात, हात कोरडे करून गोळी उचला, झाकण घट्ट लावा. धुण्याच्या मोरीत, ओट्यावर पागोळ्या गळत असताना, पदर खोचून उभ्या असलेल्या बाईचे हात कोरडे? डिझाइन करणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. म्हणूनच तर तो जाड, हवाबंद डबा. म्हणजे वहिनींचा "कचरा नाही" हा मुद्दा त्या डब्यापाशीच अडखळतो. पुडी विरघळणारी आणि तिला सांभाळायला प्लास्टिकचा किल्ला!

पण हे सगळं परवडलं असतं. पुढचं परवडत नाही.

गोळी दिसायला मऊ, चकचकीत, दोनतीन रंगांची, लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढी. जेलीच. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत सहा वर्षांखालच्या सतरा हजारांहून जास्त मुलांच्या केसेस आल्या. पावडर चाटली तर मूल तोंड वेडंवाकडं करून थुंकतं. गोळी चावली की दाबाखाली असलेला तो दाट साबण एकदम घशात किंवा डोळ्यांत उडतो. काही मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली. मग नियम आले. युरोपातला २०१४ चा नियम वाचण्यासारखा आहे: डबा अपारदर्शक हवा आणि लहान मुलाला सहज उघडता येता कामा नये, फिल्ममध्ये इतकं कडू काहीतरी हवं की तोंडात गेल्यावर सहा सेकंदांच्या आत थुंकावंसं वाटेल, २० अंशांच्या पाण्यात गोळीने किमान तीस सेकंद तग धरला पाहिजे, आणि ३०० न्यूटनचा, म्हणजे साधारण तीस किलो वजनाचा दाब सोसला पाहिजे. अमेरिकेतही २०१५ मध्ये अशाच धर्तीचं मानक आलं. हे सगळं डिझाइन झाल्यावर, मुलं हॉस्पिटलात जाऊन आल्यावर सुचलं, हे विसरू नका.

या नियमांचा अर्धा भार डब्यावर आहे. आणि आपल्याकडे डबा टिकतो का? आपल्या घरात बोर्नव्हिटाच्या बरणीत जिरं असतं, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो. आईस्क्रीमच्या डब्यात काय असेल ते देवालाच माहीत. आपला वाणी सिगरेटपासून शाम्पूपर्यंत सगळं सुटं देतो, आणि त्यात वाईट काही नाही, हातावर पोट असलेल्यांचा संसार त्याच्यावरच चालतो. पण उद्या त्याने काउंटरवरच्या बरणीत, लिमलेटच्या गोळ्यांच्या शेजारी ही गोळी सुटी ठेवली तर? झाकण गेलं, इशारा गेला, काय करायचं ते लिहिलेला कागद गेला. माझं म्हणणं सोपं आहे. इथे विकायची असेल तर सगळी सुरक्षा गोळीच्या अंगावर आली पाहिजे. कडूपणा फिल्ममध्येच, इशारा मराठीत फिल्मवरच छापलेला, आणि रंग असा की खाऊ वाटता कामा नये. मातकट करा ना! कोणी अडवलंय? कपडे गोळीच्या रंगाने धुतले जात नाहीत.

(ज्यांच्या घरात गोळ्या आणि लहान मूल दोन्ही आहेत त्यांच्यासाठी: मुलाने चावलीच तर उलटी करवू नका. तोंड पाण्याने स्वच्छ करा, डोळ्यात गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार धरा, आणि डबा हातात घेऊन सरळ डॉक्टरकडे.)

आता "प्लास्टिक नाही" या दाव्याकडे. ही फिल्म पाण्यात विरघळते, म्हणजे तिच्या लांबलांब साखळ्या पाण्यात पसरतात. त्या मोडायला जिवाणू लागतात, तेही या खाद्याला सरावलेले, आणि त्यांना वेळ लागतो. कंपन्या २८ दिवसांच्या चाचणीचे निकाल दाखवतात. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी थांबतं काही तास. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या अभ्यासकांनी अंदाज मांडला, की तिथे वापरलेल्या या फिल्मपैकी सुमारे ७५ टक्के न मोडता तशीच पुढे जात असावी. त्या अभ्यासाला पैसा पुरवला होता बिनफिल्मच्या वड्या विकणाऱ्या एका कंपनीने, हे सांगायलाच हवं. उद्योगाने तो अंदाज खोडून काढला, आणि २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने याबाबतची याचिका फेटाळली. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण तो वाद घालणारे दोघंही शुद्धीकरण केंद्र आहे असं धरून चालतात! आपल्याकडे नाल्याचं पाणी कुठे कुठे सरळ गाढी नदीत उतरतं आणि तिथून पनवेलच्या खाडीत. तिथल्या जिवाणूंना कोणी सराव दिलाय?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळी कुत्री फिरताना दिसली, आठवतंय? कासाडी नदीच्या बाजूच्या एका कारखान्याच्या रंगाने ती तशी झाली होती. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. कारण रंग दिसला. कुत्री पांढरीच राहिली असती तर त्या पाण्याची बातमी झाली असती का? गोळीची फिल्म रंगहीन आहे. ती कुणालाच निळं करणार नाही.

कोणी म्हणेल, मग पुड्या चांगल्या का? नाहीत. रुपया-दोन रुपयांच्या त्या चकचकीत पुड्या अनेक थरांच्या असतात, भंगारवाला हात लावत नाही, २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीतूनही त्या शिल्लक राहिल्या. आपल्या गटारांत त्यांचाच खच असतो. विरघळणारी फिल्म त्यांच्या जागी आली असती तर मी निदान ऐकून तरी घेतलं असतं. पण गोळी आली ती मॉलच्या फळीवर, ज्यांच्या घरी लिटरभराची बाटली आधीच होती त्यांच्यासाठी. आणि डिझाइन म्हणूनच बघायचं तर साबणाची वडी बघा. पाणी नाही, माप नाही, सांडत नाही, संपत आली की नव्या वडीला चिकटवता येते. तिच्यासाठी कोणी पेटंट मिरवत नाही एवढंच.

फिल्मशी माझं वैर नाही. जिथे हाताला खरा धोका आहे तिथे ती सोनं आहे. परदेशी हॉस्पिटलांत संसर्ग झालेल्या चादरी विरघळणाऱ्या पिशवीत भरून पिशवीसकट मशीनमध्ये टाकतात, कुणाला हात लावावा लागत नाही. कीटकनाशकाची भुकटीही अशा पिशवीत भरतात, पिशवी तशीच टाकीत सोडायची. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती विषबाधा मुख्यतः फवारणीच्या वेळची, पिशवीने ती थांबली असती असं मी म्हणणार नाही. पण पाकीट फाडून, उघड्या हाताने माप घेऊन, काडीने ढवळून औषध कालवणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या हातातलं माप काढून घेण्यासारखं आहे. हे तंत्र कित्येक वर्षं जुनं, फिल्म तीच, यंत्रं तीच. मग ते आपल्या मॉलमध्ये चादरी धुवायला पोचतं, आणि तालुक्याच्या कृषी केंद्राच्या फळीवर मला अजून एकदाही दिसलेलं नाही, ते का?