व्याहीणबाईंचे पूर्वज

आपल्याकडे सोयरीक जुळवताना कूळ विचारण्याची रीत आहे. मूळ गाव कोणते, देवक कोणते, मामेकूळ कोणते, एवढे समजले की मग चहाचे कप पुढे येतात. आमच्या चिरंजीवांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आपले लग्न आपणच जमवले, तेव्हा हा सोपस्कार राहून गेला. तो सहा वर्षांनी पुरा झाला, आणि तोही मुलीकडच्यांच्या हातून! नात झाली, आणि तिच्यासाठी वंशावळीची एक वही करावी असे आमच्या व्याहीणबाईंनी मनावर घेतले.

त्यांच्या घरात एक कथा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. खापरपणजोबा म्हणे सोने शोधायला इंग्लंडहून आले. सोने काही मिळाले नाही, तेव्हा शेती केली. कथा झकास होती. पण बाई हाडाच्या शिक्षिका. त्यांनी खापरपणजोबांच्या मृत्यूचा दाखला काढला. तिकडचा जुना दाखला म्हणजे छोटेखानी चरित्रच असते. मयताचे आईबाप कोण, जन्म कोठला, लग्न कोणाशी, मुले किती, वसाहतीत येऊन किती वर्षे झाली, सारे त्यात लिहिलेले. जन्मगाव निघाले लँकशायरमधले ब्लॅकबर्न. म्हणजे सोन्याचे नव्हे, कापसाचे गाव!

पुढचा माग क्वीन्सलँडच्या सरकारी दप्तरखान्यात लागला. तेथे सरकारी मदतीने आलेल्या उतारूंच्या याद्या जपून ठेवल्या आहेत. १८६३ सालच्या एका जहाजाच्या यादीत नवराबायको आणि मुलगी अशी तीन नावे सापडली. धंदा लिहिला होता, शेतमजूर. नव्या वसाहतीला शेतमजूर हवे होते, तेव्हा माणसाने तसे सांगितले असेल. पोटासाठी माणूस काय सांगणार नाही!

खरा धंदा सापडला तो इंग्लंडच्या खानेसुमारीत. तेथे १८४१ पासून घराघरातल्या माणसांची नावे टिपलेली आहेत, आणि शंभर वर्षे उलटली की ती पाने लोकांना खुली होतात. ७ एप्रिल १८६१ च्या रात्रीचे पान व्याहीणबाईंनी मला दाखवले. नवरा यंत्रमागावरचा विणकर, बायको विणकर. दहा वर्षांची मुलगी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. तेव्हाच्या कायद्याने ते चालत असे. आणि घरात नवऱ्याची विधवा आई, वय बासष्ट.

ती तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्यानंतर पाचच दिवसांनी, १२ एप्रिलला, अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली. लँकशायरच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरे रोखली आणि कापूस थांबला. त्याआधीची दोन वर्षे गिरण्यांनी खपेल त्याहून जास्त कापड विणून वखारी भरल्या होत्या. त्यामुळे मालकांनाही साचे थांबवायची घाई झालेलीच होती. १८६२ चा हिवाळा आला तोवर सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. पुरुषांनी दगड फोडायचे, नाहीतर साक्षरतेच्या वर्गात बसायचे. मुलींनी शिवणवर्गात जायचे. तेव्हा कोठे पदरात चार शिलिंग पडत. काहींच्या हातून सरकारने बागा आणि रस्ते करवून घेतले. पुष्कळांनी मात्र गाव सोडला.

आणि आपण? आपण तेव्हा मजेत होतो, हे सांगायला हवे. तिकडे चुली विझत होत्या आणि इकडे मुंबईत कापसाचे सोने होत होते. बॅकबेचे शेअर, रातोरात निघालेल्या बँका, प्रेमचंद रायचंदांचा दरारा, हे सारे त्याच चार वर्षांतले. आज आपण ज्याच्याखालून जातो तो राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईचेही दिवाळे वाजले, ती गोष्ट वेगळी. तिकडे ब्लॅकबर्नच्या विणकराच्या साच्यावर आपलाच कापूस चढत होता. त्याला ते लोक सरसकट ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा तो कापूस साच्यावर सारखा तुटे. गाठी मारण्यात दिवस जाई, आणि मजुरी तर विणलेल्या कापडावर मिळे. ‘सुरत’ हा शब्दच तिकडे टाकाऊ मालाला लावू लागले होते. हे ऐकून व्याहीणबाई हसून म्हणाल्या, “म्हणजे आमच्या खापरपणजोबांना घालवले ते तुम्हीच!”

पण १८७१ च्या खानेसुमारीचे पान उलटले तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या घरात आता दुसरेच बिऱ्हाड होते. म्हातारी सापडली ती वर्कहाउसच्या यादीत. निराधारांना कडक शिस्तीत ठेवून पोटापुरते अन्न देणारा तो सरकारी गरीबखाना. नाव, विधवा, वय बहात्तर, पूर्वीचा धंदा विणकाम. बस्स. “तिला टाकून आले का हो ते?” बाईंनी विचारले. मी म्हटले, “सरकारी खर्चाने नेत ते धडधाकट, कामाचे माणूस. म्हातारीला कोण नेणार?” त्यांनी मान हलवली, पण वही मिटून ठेवली, आणि त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचे उजवे पान माझ्यापुढे केले. “आता तुमची बाजू सांगा.” मी मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. आजोबा राजापूर तालुक्यातले, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. दोन पिकांत भागेना म्हणून बोटीने मुंबईस आले. साल? साधारण १९१२. त्यांचे वडील? नाव ठाऊक. त्यांची आई? मी थांबलो. आजोबा एकटे मुंबईला आले. पणजी गावी राहिली, एवढे खरे. घरात तिचा उल्लेख ‘म्हातारी’ असाच होई. ब्लॅकबर्नची म्हातारी गरीबखान्यात मेली, पण तिचे नाव सरकारी पानावर आहे. आमची म्हातारी स्वतःच्या ओटीवर, आपल्या माणसांत गेली, आणि तिचे नाव कोठेही नाही.

आपल्या खानेसुमारीची घरोघरची पाने कायद्याने कोणाला पाहता येत नाहीत, त्यामुळे तो रस्ता बंद. पण अगदीच अंधार आहे असेही नाही. गावच्या जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ते, पुष्कळ तहसील कचेऱ्यांत अजून आहे. जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे आहेत, सातबारावरचे फेरफार आहेत. नाशिक-त्र्यंबकला पूर्वज गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नावे मिळतात. आणि घरातली पत्र्याची पेटी! मनीऑर्डरीच्या पावतीवर गाव, वाडी, पैसे घेणाऱ्याचे नाव आणि तारीख, इतके सारे एका चिठोऱ्यावर असते. आईच्या नावाने पाठवलेली एक पावती मिळाली की काम झाले.

असल्या कागदांना कोण विचारतो, असे म्हणू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा साच्यावर कधी उभे राहिलेच नाहीत. लँकशायरला जे घडले तेच येथे घडले. फरक इतकाच, की आपली माणसे जहाजाने परदेशी न जाता एस. टी.ने गावी परतली. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधली आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली, तेव्हा ‘मी गिरणीत होतो’ हे कागदाने दाखवावे लागले. धाकट्या काकांची पगाराची चिठ्ठी आणि फंडाचा क्रमांक काकूंनी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला होता, म्हणून त्यांचा अर्ज तरी गेला. शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ तीस वर्षे त्याच खात्यात होते. त्यांच्या मुलांपाशी बापाचा एक फोटो तेवढा आहे.

दिवाळीत घर भरते. फराळ झाल्यावर मुलांना एक वही द्या आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापाशी बसवा. आजोबांचे नाव सगळे सांगतील. तुम्ही आजीचे माहेर विचारा, पणजीचे नाव विचारा, गिरणीचे खाते आणि तिकीट नंबर विचारा. दप्तरातले कागद आणखी काही वर्षे टिकतील. सांगणारी माणसे तितकी टिकणार नाहीत.

माझ्या वडिलांची एक बहीण गावी आहे. आत्याबाईंना एकोणनव्वदावे चालू आहे. ऐकू कमी येते, पण आठवण लख्ख आहे. लहानपणी त्या पणजीच्या कुशीत निजत असत. यंदा भाऊबीजेला मी ओवाळून घ्यायला नव्हे, तर एवढे एकच नाव विचारायला राजापूरला निघालो आहे. ब्रिस्बेनच्या वहीत त्या नावापुरती जागा व्याहीणबाईंनी मोकळी ठेवली आहे.