माश्या मारू नका, बांधा!

ऑफिसात काम नसलं की आपण काय करतो? माश्या मारतो! पण जगात अशीही एक जमात आहे, जी रात्रीची जेवणं आटोपली की टेबल लॅम्प लावून माश्या चक्क बांधत बसते. गळ, दोरा आणि कोंबड्याचं पीस... बस्स! या माशीचं नाव ड्राय फ्लाय. बुडत नाही, पाण्यावर तरंगते म्हणून ड्राय. आणि तिचं गिऱ्हाईक म्हणजे ट्राउट, थंडगार वाहत्या पाण्यातला एक जाम नखरेल मासा.

सह्याद्रीत हा भेटणार नाही, हिमाचल गाठायला हवं. साहेबाने 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउट काश्मीरला आणला आणि 1909 मध्ये तो कुलू खोऱ्यात पोचला. तिथल्या तीर्थन नदीवर, बंजार-गुशैनीच्या पट्ट्यात आज त्याचा अड्डा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत दरवाजे उघडे! वरचं बर्फ वितळून पाणी गढूळ झालं, की मात्र ड्राय फ्लायचा उपयोग नाही. म्हणून जूनपेक्षा एप्रिल बरा. मत्स्यविभागाचं लायसन्स मस्ट.

आता तुम्ही म्हणाल, तयार फ्लाय मिळतात की! मिळतात. जगभरच्या दुकानांतल्या पुष्कळशा फ्लाय केनियातले कारागीर हाताने बांधतात आणि त्या दिसतातही भन्नाट. पण स्वतः बांधायला बसलं की एक गोष्ट डोक्यात शिरते. ही माशी माशासाठी आहे, आपल्या कौतुकासाठी नाही. मासा तिला खालून बघतो. त्याला दिसतात ते पाण्याच्या पृष्ठभागावर टेकलेले पाय आणि एक पुसट आकार. म्हणजे फ्लाय देखणी नसली तरी चालेल, ती उभी राहायला हवी!

उभं राहण्याचं सगळं काम पीस करतं. इथे चिकन शॉपमधला ब्रॉयलर कामाचा नाही. बिचारा दीड महिन्यातच कापला जातो, त्याची पिसं मऊ आणि लगेच पाणी पिणारी. हवा तो गावरान कोंबडा, निदान वर्षभर आरवलेला. त्याच्या मानेवरची लांब, निमुळती, चमकदार पिसं घ्या. पीस वाकवलं की तंतू ताठ फिस्कारले पाहिजेत. परदेशी पिसांचा अख्खा संच हजारोंच्या घरात जातो. गावाकडच्या मामाकडे ही इस्टेट फुकट आहे. पिसं साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे किडे मरतात. (आईला आधी सांगून ठेवा. मटारच्या पिशवीशेजारी पिसं बघून घर डोक्यावर घेतलं जातं.)

रानपक्ष्यांच्या पिसांना मात्र हात नको. 1972 चा वन्यजीव कायदा आहेच, पण या नादाची नशाही वाईट! 2009 मध्ये एका तरुणाने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून 299 पक्षी लंपास केले. कशासाठी? तर सामन माशाच्या शोभिवंत फ्लायना लागणाऱ्या पिसांसाठी.

बांधणी तशी सोपी. चौदा नंबरचा बारीक तारेचा गळ (नंबर वाढला की गळ लहान होतो), त्यावर मेण लावलेला बारीक दोरा. शिलाईचा दोरा जाड पडतो. शेपटीला पिसाचे चार-पाच ताठ तंतू, अंगाला मांजर विंचरून निघालेले मऊ केस दोऱ्यावर पिळून. मग पुढच्या बाजूला पिसाचे चार-पाच वेढे, गाठ, आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब. नवशिक्यांची गडबड एकच, सगळंच जास्त भरतात आणि गळाचं भोकच बुजवून टाकतात. केस कमी, दोरा कमी!

आणि हुबेहूब किडा करायच्या फंदात पडूच नका. मिशिगनच्या लिओनार्ड हॅलाडे यांनी 1922 मध्ये बांधलेली ॲडम्स नावाची फ्लाय बघा. करडं अंग, तपकिरी आणि पट्टेरी पिसं, धड कुठल्याच एका किड्यासारखी नाही. तरी जगभरच्या डब्यांत ती असतेच.

हुबेहूबपणापेक्षा महत्त्वाचं काम पहिला दोरा गुंडाळण्याआधीच करायचं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. काही मासे निसटतील, निसटू देत. जो हाती येईल त्याचा जबडा न फाटता गळ सुटतो. सोडताना हात ओले हवेत, कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. आणि उन्हाळ्यात पाणी तापलं तर ट्राउट आधीच धापा टाकत असतो. तेव्हा पकडून सोडलेला मासा डोळ्यांदेखत पोहत जातो आणि नंतर मरतो. म्हणून खिशात थर्मामीटर ठेवा. पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं, की रॉड गुंडाळा आणि सरळ राजमा-चावल मारायला चला!