तेरावा महिना

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो. अधिक मास आला की बारा महिन्यांच्या बेताने भरलेली कणगी तेरा महिने पुरवावी लागे, आणि वर्ष दुष्काळाचे असले तर तो एक महिना घराचा जीव काढी. अधिक मासाची एक सभ्यता मात्र होती. तो बत्तीस-तेहेतीस महिन्यांतून एकदा येई आणि पंचांगात आधी छापून येई.

आताचा तेरावा महिना दर वर्षी येतो. मोबाइलच्या पुष्कळशा योजनांतला 'महिना' अठ्ठावीस दिवसांचा असतो. ३६५ ला २८ ने भागून पाहावे, उत्तर तेरा येते. पगार बारा, रिचार्ज तेरा. ही गोष्ट एवढी उघड होती की २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामकाला कंपन्यांना सांगावे लागले, निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा. तशी योजना आली. पण अठ्ठावीस दिवसांचा महिना काही गेला नाही. पंचांगकर्त्यांना जे जमले नाही ते व्यापाऱ्यांनी करून दाखवले. त्यांनी महिनाच लहान केला.

मोबाइलचे उदाहरण आम्ही मुद्दाम आधी घेतले, कारण महागाईविषयी आपण जे बोलतो आणि घरात जे घडते, यांतले अंतर त्यात स्वच्छ दिसते. बोलताना आपण कांदा, टोमॅटो आणि तूरडाळ यांच्या गोष्टी करतो. घर मात्र वेगळ्याच ठिकाणी जेरीला आलेले असते.

आधी आकड्यांचे पाहू. २०२३ च्या जुलैत, टोमॅटो भडकले तेव्हा, किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. २०२५ च्या ऑक्टोबरात तोच दर ०.२५ टक्क्यावर आला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या त्या मालिकेतला हा नीचांक होता. खाद्यपदार्थांचा निर्देशांक तर वर्षापूर्वीच्या मानाने पाच टक्क्यांहून अधिक उतरला होता. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, अर्थतज्ज्ञांनी समाधान व्यक्त केले. आम्ही ती बातमी घरात मोठ्याने वाचली, तेव्हा स्वयंपाकघरातून उत्तर आले, "मग या महिन्यात उरलेले कुठे आहेत ते पण वाचून दाखव."

या उत्तराला अर्थशास्त्राचे अज्ञान म्हणणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे. त्या चढण्याचा वेग उतरला. शंभराची वस्तू एका वर्षी एकशेसात झाली आणि पुढच्या वर्षी एकशेसातच राहिली, तर दर शून्य झाला. पण ते सात रुपये परत कुणी दिले नाहीत. ज्याचा पगार दरम्यान सातने वाढला त्याचे भागले. ज्याचा वाढला नाही त्याच्या घरी शून्य टक्के महागाईतही सात रुपयांची तूट कायम आहे. मराठीत 'महागाई' हा शब्द आपण स्थितीसाठी वापरतो, 'केवढी महागाई आहे!' असे म्हणतो. सरकारी आकडा गती मोजतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांवर आपटतात आणि मग सरकारला लोक कृतघ्न वाटतात, लोकांना सरकार खोटे वाटते.

दुसरा भाग सरासरीचा. निर्देशांक ही एक टोपली असते आणि त्या टोपलीत कुणाच्याही घरची हुबेहूब टोपली नसते. वरील मालिकेची टोपली २०११-१२ च्या पाहणीवर बेतलेली होती. तीत ग्रामीण भागासाठी घरभाड्याला जागाच नव्हती. पुढे पायाभूत वर्ष २०२४ धरून नवी मालिका आली, हे बरे झाले. पण टोपली कितीही नवी असली तरी सरासरी ती सरासरीच. ज्यांच्या घरात एक म्हातारे माणूस औषधांवर आहे आणि एक मूल खासगी शाळेत आहे, त्यांची महागाई निराळी असते आणि ती कुठेही जाहीर होत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मध्यमवर्गीय मराठी घराचा सर्वांत जुना अभिमान म्हणजे काटकसर. आपल्या भाषेत तिच्यासाठी केवढा शब्दसंग्रह आहे! भागवणे, पुरवणे, हात राखून वापरणे, तोंडमिळवणी करणे, पोटाला चिमटा घेणे, अंथरूण पाहून पाय पसरणे. यांतले बहुतेक शब्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतले आहेत आणि एका विशिष्ट प्रकारच्या खर्चाला लागू पडतात. त्या खर्चाचे तुकडे करता येतात. तेल एक पळी कमी घालता येते. डाळीत एक भांडे पाणी वाढवता येते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये घरोघरी पाककृती पोहोचवल्या त्या वाटीच्या आणि चमच्याच्या मापाने, कारण स्वयंपाकघराचे खरे एकक तेच होते. वाटी पाऊण करता येते. काटकसर ही त्या पाऊण वाटीची कला होती.

आजच्या घराच्या जमाखर्चाची यादी काढून पाहावी. घराचा हप्ता, सोसायटीचा देखभाल खर्च, शाळेची फी आणि शाळेची बस, विम्याचा हप्ता, मोबाइल, इंटरनेट, शिकवणी. यांतली एकही गोष्ट पाऊण घेता येत नाही. शाळेला चारपैकी तीन दिवसांची फी देता येत नाही. हप्ता थोडा पातळ करता येत नाही. वीज वाचवता येते असे वाटते. पण महाराष्ट्रातले विजेचे बिल उघडून बघावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. दिवा मालवल्याने वापरावर चढणारे आकार उतरतात. स्थिर आकार अंधारातही स्थिर असतो. आणि ही बिले कर्जबुडव्याला ओळखत नाहीत. वाण्याची वही होती तेव्हा "पुढच्या महिन्यात देते, भाऊ" असे म्हणता येई. बँकेच्या हप्त्याला भाऊ म्हणता येत नाही. तारखेला खात्यात पैसे नसतील तर दंड आपोआप कापला जातो.

म्हणजे घराच्या खर्चाचा मोठा भाग असा झाला की तो भरायचा किंवा सोडायचा, एवढेच दोन मार्ग. सोडला तर मुलाचे वर्ष जाते किंवा डोक्यावरचे छप्पर जाते, म्हणून तो भरलाच जातो. मग चढलेल्या खर्चाची तोंडमिळवणी होते कुठे? जिथे अजून तुकडा पाडता येतो तिथे. तशी जागा घरात एकच उरली आहे, ती म्हणजे ताट.

येथे कुणी आम्हांला आकडे दाखवील आणि ते दाखवावेतही. १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४८ टक्के होता, २०२२-२३ च्या पाहणीत तो ३९ टक्के निघाला. ग्रामीण भागात ५९ वरून ४६ झाला. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम असा, की उत्पन्न वाढते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. त्या न्यायाने हे समृद्धीचेच लक्षण आहे, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. आमच्या आजीच्या पिढीला जे दुधा-फळांचे स्वप्न होते ते आमच्या पिढीने पाहिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय त्याच पाहणीत शहरी खर्चाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर जातो असे दिसते. बाहेरचे खाऊन महागाईची तक्रार करणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे कबूल करायला हवे.

पण वाटा दोन कारणांनी घटू शकतो. पोट भरल्यावर उरलेले पैसे इतरत्र गेले म्हणून, किंवा इतरत्र आधी द्यावे लागले म्हणून पोटाला कमी उरले म्हणून. सरासरीत दोन्ही एकसारखेच दिसतात. कोणत्या घरात कोणते कारण आहे हे त्या घरातल्या ताटावरूनच कळते, आणि तेही सर्वांत शेवटी वाढलेल्या ताटावरून.

ही ओळ आम्ही सहज लिहिलेली नाही. आमची आई काही वर्षे दूध घेत नसे. आम्ही भावंडांनी विचारले तर म्हणे, "मला सोसत नाही रे." आम्हांला वाटे पित्त असेल. पुढे आमचे शिक्षण संपले, घराला दोन पगार आले, आणि आईला दूध सोसू लागले. कोणत्याही वैद्याकडे न जाता ती बरी झाली. आपल्या भाषेने 'मानवणे' आणि 'सहन करणे' या दोन्ही अर्थांना एकच क्रियापद दिले आहे. आईने आयुष्यभर पहिल्या अर्थाच्या आड दुसरा अर्थ लपवला. आम्ही तिच्या काटकसरीचे कौतुक करीत मोठे झालो. त्या कौतुकाची आज लाज वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि सगळे खापर आम्ही महागाईवर फोडत नाही. मात्र ज्या समाजात तूट भरून काढण्याची जबाबदारी एकीच्या ताटावर सोपवून तिला 'टुकीने संसार करणारी' असे प्रशस्तिपत्र दिले जाते, त्याने हा आकडा वाचून आश्चर्य तरी दाखवू नये. २०२३ पासून रेशनवर पात्र कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. पण रक्त तांदळाने होत नाही. डाळ, दूध, पालेभाजी, फळ, अंडे हे जे लागते, ते बाजारातूनच येते आणि कापलेही आधी तेच जाते.

"मग हे तरी स्वस्त करा" अशी मागणी लगेच ओठांवर येते. इथेही थोडे थांबायला हवे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती २०२४ च्या मेपर्यंत. शहरातल्या आमच्यासारख्यांना कांदा परवडावा म्हणून हे झाले आणि त्याची किंमत नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मोजली. त्याच्या घरीही शाळेची फी आहे, मोबाइलचा तेरावा महिना आहे. आमचा स्वस्त कांदा म्हणजे त्याच्या बायकोला न सोसणारे दूध. जे खर्च खरोखर डोईजड झाले त्यांना हात न लावता फक्त भाजीबाजार दाबून धरायचा, ही सोपी युक्ती आहे. शाळेच्या फीपेक्षा कांदा नेहमीच दुबळा असतो.

काटकसर म्हणजे मुकाट सोसणे, असे महाराष्ट्राने नेहमीच मानले नव्हते. १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट तारा रेड्डी, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर. एरवी एकमेकींच्या पक्षांशी भांडणाऱ्या या बायका धान्य, तेल आणि रॉकेल यांसाठी एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी थाळ्या वाजवत, लाटणी उंचावत रस्त्यावर आल्या. त्या आंदोलनाने महागाई कायमची हटली नाही. पुढे १९७५ च्या आणीबाणीत यांतल्या अनेक जणी तुरुंगात गेल्या. पण त्यांनी एक गोष्ट करून ठेवली. घरातल्या तुटीचे दु:ख घराबाहेर बोलण्याजोगे केले. रिकामी थाळी ही बाईच्या नियोजनाची चूक नसून ती जाब विचारण्याची वस्तू आहे, हे त्यांनी सांगितले.

आजच्या बिलांसमोर लाटणे कुठे उगारायचे, हा प्रश्न खरा आहे. डाळीचा साठेबाज दिसत तरी होता. अठ्ठावीस दिवसांचा महिना कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा? पण शाळेच्या फीसंबंधी पालक एकत्र येऊ शकतात, सोसायटीच्या सभेत हिशेब मागता येतो, वीजदरांवरच्या जाहीर सुनावणीत हरकत नोंदवता येते. हे कंटाळवाणे काम आहे आणि काटकसरीसारखे त्याचे कौतुक कुणी करीत नाही. तरीही ज्या खर्चाचा तुकडा घरात पडत नाही, त्याचा तुकडा बाहेरच पाडावा लागतो.

आणि तोवर निदान घरात एक करता येईल. महिन्याचा हिशेब एकीने डोक्यात न ठेवता सर्वांनी कागदावर मांडावा, आणि तूट निघाली तर ती कुणाच्या ताटातून गेली हे शेजारी लिहावे. मुलांनाही ते वाचू द्यावे. आमच्या घरी हे उशिरा सुरू झाले. पहिल्या महिन्यात आईने तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "एवढं सगळं लिहायचं कशाला?" तरी तिने कागद परत दिला नाही. घडी घालून डब्यात ठेवला.