तारेला कुलूप, घर मात्र उघडे

वराळ्यातल्या अभियांत्रिकीच्या एका तरुणाने विचारले, ‘वकीलसाहेब, क्वांटम किल्ली आली की आपले बोलणे सुरक्षित ना?’ प्रकाशकणांतून पाठवलेली गुप्त किल्ली वाटेत कोणी चोरून पाहिली, तर चोरी उघड होते. हे शास्त्र खरे. केंद्राने २०२३ साली क्वांटम मोहिमेसाठी सहा हजार कोटींवर रुपये मंजूर केले. पण बांधवांनो, २०१९ मध्ये भीमा कोरेगाव खटल्यातील काही वकिलांना व्हॉट्सअ‍ॅपनेच कळवले, तुमच्या फोनवर पेगॅससचा हल्ला झाला. ही चोरी वाटेतली नव्हे, थेट फोनमधली. तिथे ही किल्ली कुचकामी! खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच ठरवले. तरीही फोन ऐकण्याची परवानगी आजही गृहसचिवच देतात. ती न्यायाधीशाच्या हाती हवी. पोरांनी विज्ञान जरूर शिकावे. चळवळीने कायद्याची ही लढाई लढावी.