डांबरगोळ्यांचा धनी कोण?

पावसाळ्याच्या सुमारास जुहूपासून कळंगुटपर्यंतच्या वाळूवर काळ्या, चिकट डांबरगोळ्यांचा सडा पडतो. या घटनेस गूढ म्हणण्याची प्रथा पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका अंश उडून जातो, उरलेला लाटांत घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचे वारे तो किनाऱ्यास लावतात. प्रत्येक तेलाची रासायनिक घडण निराळी; बोटांच्या ठशांवरून चोर ओळखावा तद्वत् तिच्यावरून उगमाचा माग काढता येतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तसा तो काढलाही आहे. मग टाक्या धुऊन घाण सोडणारे जहाज किंवा गळणारी तेलविहीर निनावी का राहावी? १९७३ च्या मार्पोल कराराने असे तेल सोडण्यावर कडक निर्बंध घातले. पण भर समुद्रात, रात्रीच्या वेळी, पाहणारा कोण? इकडे रापणकराची जाळी बरबटतात आणि भरपाई कोणाकडे मागावी, हे त्यास उमगत नाही.

येथील बंदरांत येणाऱ्या तेलवाहू जहाजांच्या व तेलविहिरींच्या नमुन्यांचा सरकारने परिपूर्ण संग्रह ठेवावा, दर वर्षी हे गोळे त्यांच्याशी ताडून पाहावेत आणि निष्कर्ष नावानिशी प्रसिद्ध करावा. किनाऱ्यावरच्या लोकांनी वाळू खरवडीत बसावे आणि तेल सांडणाऱ्याने नामानिराळे राहावे, हा न्याय नव्हे.