चूक दुसऱ्याची, तरी पुरावा आपल्याकडे हवा

कोल्हापूर-बेळगावकडची कितीतरी मुलं नोकरीनिमित्त बंगळुरूत असतात. त्यांना भेटायला आईवडील गाडीनं निघतात. नेलमंगला आलं की शहराची गर्दी सुरू होते, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर मागून एखादा टेम्पो आदळतो. चूक सरळसरळ टेम्पोवाल्याची. पण भोवतालची माणसं कानडी बोलत असतात. टेम्पोवाला हजार-दोन हजार पुढे करतो आणि घरचेच म्हणतात, "जाऊ दे, मिटवून टाका!"

इथंच घाई नडते. मानेचं दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर टेम्पो निघून गेलेला असतो.

आधी जखमींकडे पाहावं. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर फिरवावा. याच नेलमंगलाजवळ फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रकच्या धडकेत दुचाकीवरच्या एका तरुणानं प्राण गमावले. जातानाही त्यानं अवयवदानाची इच्छा सांगितली, आणि त्याचे डोळे दान झाले. त्याच वर्षी कर्नाटक सरकारनं त्याच्या नावानं 'हरीश' योजना आणली. २०२५ पासून देशभर अपघातग्रस्तांना नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवस, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना आहे. म्हणून पैशांच्या काळजीनं इस्पितळ टाळू नये.

मग गाड्या हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचं नाव, विमा कंपनी आणि साक्षीदाराचा फोन नंबर टिपून घ्यावा. चालक पळून गेला तरी तक्रार करावीच. वाहन सापडलं नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये भरपाईची कायद्यात तरतूद आहे.

तोंडी दिलेली तक्रार पोलिसांनी वाचून दाखवायची असते. ती कानडीत असेल तर अर्थ समजून घेतल्याखेरीज सही करू नये. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. आपल्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं, आणि तोवर गाडी दुरुस्तीला टाकू नये.

दुखापतीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. त्यासाठी बंगळुरूला खेटे घालावे लागतात असं नाही. कायद्यानं आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा, आणि औषधांची बिलं, डॉक्टरांचे कागद, बुडालेल्या पगाराचा दाखला सांभाळून ठेवावा.

प्रवासाला निघताना गाडीच्या कप्प्यात विम्याची प्रत, घरच्यांचे फोन नंबर, एक वही आणि पेन ठेवावं. धडक बसल्यावर ऐनवेळी काहीच आठवत नाही.