बर्फ संपला, चालतंय!

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पिंगळी स्टेशन लागतं. ते माझं गाव. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरची चैन! त्यामुळे ‘पीसीआरचं मिश्रण बर्फावरच बनवा’ असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा मला ते सोवळंओवळंच वाटलं. टॅक एन्झाईम तर उष्ण झऱ्यातल्या जिवाणूचं, ९५ अंशांतही टिकणारं. त्याला आपल्या उन्हाळ्याची कसली भीती?

एप्रिलच्या प्रॅक्टिकलला बर्फ संपला. मी टेबलावरच सगळं मिसळलं आणि ट्यूबा तशाच ठेवून चहाला गेलो. जेलवर हवा तो पट्टा पुसट, आणि खाली चकाकणारा प्रायमर-डायमर!

कारण नंतर समजलं. टॅक ७२ अंशांची वाट बघत बसत नाही. खोलीच्या तापमानालाही ते थोडं थोडं काम करतं. तेव्हा प्रायमर एकमेकांना किंवा भलत्याच जागी चिकटलेले असतात आणि टॅक तीच चूक वाढवतं. पुढच्या ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी होऊ शकतात! म्हणजे बर्फ टॅकला वाचवायला नसतो, गप्प बसवायला असतो. डीएनटीपीचं वेगळंच. ते वारंवार गोठवून-वितळवून खराब होतात, म्हणून छोट्या ट्यूबांत वाटून ठेवायचे. बफर मात्र पूर्ण वितळवून नीट हलवायचा, नाहीतर मॅग्नेशियम सगळीकडे सारखं राहत नाही. आई कोमट दुधातच विरजण घालते, तिलाही कारण असतंच की!

पण माझा मुद्दा पुढेच आहे. होस्टेलवर मित्र म्हणाले, ‘अरे, सीनियरच्या जर्नलमधला फोटो चिकटव. कोण बघतंय?’ खरं सांगतो, हात त्या फोटोपर्यंत गेला होता. मग २०२० आठवलं. आरटी-पीसीआरच्या रिपोर्टची वाट बघत घरंच्या घरं जागी होती. त्या लॅबमध्ये कुणी ‘बर्फ संपला, चालतंय’ म्हटलं असतं तर?

मी माझा बिघडलेला जेलच चिकटवला आणि खाली कारण लिहिलं. सर-मॅडमना एकच विनंती : सुंदर फोटोला मार्क द्या, पण कारणासकट लिहिलेल्या चुकीलाही द्या. आणि मित्रांनो, बर्फ संपला तर प्रॅक्टिकल उद्या करा. खोटा रिपोर्ट लिहायची सवय इथंच लागते!